न विचारता

पाळण्यातल्या बाळावर लक्ष ठेवणारं आमचं अ‍ॅप मी पनवेलच्या घरी, माझ्या चिऊवरच तपासते. ज्या खुल्या प्रकल्पावरून ते बनवलंय, त्यातले नवे बदल टीममधल्या दीपेशने परस्पर आमच्या कोडमध्ये मर्ज केले, म्हणजे मिसळले, आणि चिऊ हलली की फोनमधून एक बाई गुणगुणायला लागली.

"न विचारता कुणाला आणलंस माझ्या लेकीपाशी?" मी फोनवर दीपेशवर कडाडले.

"अगं, त्या कोडमध्ये आवाजाची फाइलच नाहीये!"

"मग गातंय कोण, तुझी आत्या?"

रागारागाने मी मर्ज रिव्हर्ट करून ते बदल काढून टाकले, जुनं अ‍ॅप परत फोनवर टाकलं. गाणं थांबलं.

चिऊ जागी होती. माझं पिल्लू अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि त्याच बाईच्या आवाजात विचारलं, "न विचारता का काढलंस मला?"