चिमाजींचा ओटीपी

मेलेले चिमाजी ओटीपी बरोबर सांगतात, हे मंगळवारी सिद्ध झालं. पण ते सोडा. विंझरच्या सेवा केंद्रवाल्या सोमनाथने तसं काही घडलंच नाही असं ठरवलंय, तेव्हा आपणही ठरवू.

तर सोमनाथ, चिमाजींना पुरलंय तिथल्या दगडाशेजारी, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. धनगरवाड्यावर रेंज फक्त इथंच येते. समोर चिमाजींच्या रतनबाई. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरलेली. उपचाराचं कार्ड आज निघालं तर उद्या ऑपरेशनच्या गाडीत जागा, नाहीतर उरलासुरला उजेडही जाणार. कार्डाला ओटीपी लागतो, तो येतो चिमाजींच्या नंबरावर. आणि त्यांचा मोबाईलवर फार जीव, म्हणून वाड्याने तो त्यांच्या उशालाच ठेवून माती लोटली होती.

“बोटाचा ठसा चालत न्हाई व्हय?” रतनबाईंनी विचारलं.

“घेतला की, मावशी. मशीन म्हणतं, हितं बोटच न्हाई.”

“मग त्यांनाच इचारू.”

देवाला कौल लावतात तसा त्यांनी दगडाला लावला. ओले तांदूळ, एक उजवीकडं, एक डावीकडं चिकटवला. उजवा पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई.

सोमनाथने हसू दाबलं आणि बटण दाबलं.

मातीखालून ‘टुंग’ झालं.

दोघांनी शेजारी चरणाऱ्या शेळ्यांकडं पाहिलं. शेळ्यांनी दगडाकडं.

“मावशी, तीन वर्षं झाली... बॅटरी...”

“लई जपून वापरायचे.” रतनबाई दगडाकडं वळल्या. “आवं, पैला आकडा शून्य का?”

डावा पडला.

“एक?”

पुन्हा डावा. चारला उजवा पडला. असं एकेक करत आकडे निघाले. पाचव्याला तांदूळ हलेचना.

“झोपला का काय? आवं, मला दिसंना झालंय!”

मग पडला.

सोमनाथने सहा आकडे भरले. आकडे खोटे असले की स्क्रीनवर ‘चुकीचा ओटीपी’ येतं. ते आलं नाही. आलं ते ‘ओटीपीची मुदत संपली.’

“चुकलं का रं?”

“न्हाई, मावशी.” त्याने ती ओळ पुन्हा वाचली. “उशीर झाला.”

“जित्तेपणी बी हेच. न्याहारीला हाक मारली की जेवणाला ओ द्यायचे.”

नवा मागवला तरी वेळ तेवढाच मिळणार. मागवावा की पळावं, हे सोमनाथ ठरवत होता, तोच खालून पुन्हा ‘टुंग’ झालं. या खेपेला बटण कुणीच दाबलं नव्हतं.

रतनबाई तांदूळ भिजवू लागल्या. सोमनाथने तक्रारीची खिडकी उघडली आणि टाइप केलं:

‘अर्जदाराचे पती खाली असून सावकाश बोलतात. सबब ओटीपीची मुदत दहा मिनिटांवरून वाढवून, अर्जदारास दिसत आहे तोवर करण्यात यावी, ही नम्र विनंती.’