पुढच्या रांगेतल्या बायका

मूकपटाच्या चित्रीकरणात प्रेमाचा प्रसंग आला की नायक ओक्ताव्ह नायिका सेव्हरीनच्या गालाला गाल लावायचा आणि डोळ्यांत पाणी आणून कानात घाणेरड्यातली घाणेरडी शिवी हासडायचा. तोंडाला कच्च्या कांद्याचा भपकारा. तरी कॅमेरा चालू असेपर्यंत तिनं विरघळल्यासारखं दिसायचं होतं.

दिग्दर्शक हसायचा. "पडदा मुका असतो, सेव्हरीन. कुणाला ऐकू जातंय?"

अशी सात वर्षं गेली. अख्खं पॅरिस ओक्ताव्हवर जीव टाकत होतं.

नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला पुढची रांग कर्णबधिर बायकांची होती. पडद्यावर तो कुजबुजू लागला, तसं थिएटर मुसमुसायला लागलं. त्या रांगेनं मात्र किळस येऊन तोंडं फिरवली. त्या ओठ वाचत होत्या.

खेळ सुटल्यावर त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी ओक्ताव्हसमोर आली आणि आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत दोन शब्द बोलली. त्यानं छातीवर हात ठेवून, लवून आभार मानले.

"काय म्हणाली गं?" त्यानं शेजारी उभ्या सेव्हरीनला विचारलं.

सेव्हरीननं शिवी लगेच ओळखली होती. त्याचीच होती.

"कुणाला ऐकू गेलं?" ती म्हणाली आणि रुमालानं गाल खसाखसा पुसू लागली.