वायफायच्या डब्यातला व्हिडिओ

मनुबाईनं नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ फौजेतून सुटीवर येणाऱ्या लेकाला, जयराजला दाखवायला फोनमध्ये जपला होता. तो यायच्या आदल्या दिवशीच गुऱ्हाळावर वाकताना कमरेला खोचलेला फोन उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत पडला. लेक आला, तरी तिचे डोळे पाणावलेलेच. सून रेश्मानं टीव्ही लावला. “आवं आत्या, वायफायच्या डब्यातच हार्डडिस्क हाय. तुमी घरात आला की फोनमधलं सगळं आपोआप त्यात उतरतंय.” पडद्यावर पोरगी डुगडुगत चार पावलं चालली, मटकन बसली. जयराजनं डोळे पुसले. पण व्हिडिओ संपेना. त्या दिवशी खिडकीत टेकवलेल्या फोनचं रेकॉर्डिंग बंद करायला मनुबाई विसरली होती. टीव्हीत ती नातीला कडेवर घेऊन गरागरा नाचत होती. “बंद कर गं!” मनुबाई ओरडली. “आई, लय भारी नाचतीस!” जयराज खिदळला. तिनं तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून स्वतःचा नाच शेवटपर्यंत पाहिला.