पांढरी रेघ

बायको गेली, तिची गोल्फ स्टिक कोपऱ्यात राहिली. मुठीचं रबर पार झिजलं होतं, म्हणून मी घरीच नवीन मूठ बसवली. टेप नाही, गोंद नाही. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने मुठीत हवा मारली, रबर फुगलं, मूठ दांडीवर सरकली आणि हवा बंद करताच घट्ट बसली. मुठीवरची पांढरी रेघ मी बरोब्बर मधोमध ठेवली.

सकाळी पाहिलं तर रेघ डावीकडे वळलेली. घरात मी एकटाच.

बायको रेघ अशीच ठेवायची. शिकवणारे सर ओरडायचे, "बाई, वाकडी धरलीत!" ती म्हणायची, "स्टिक माझी, चेंडू माझा, तुमचं काय जातंय?"

मी पुन्हा हवा मारून रेघ सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डावीकडे.

मुलगी भेटायला आली तेव्हा तिला सांगितलं, तर हसायलाच लागली. "बाबा, भूतबित काही नाही हो. गोंद लावला नाहीत, मग मूठ फिरणारच." लगेच खाली जाऊन गोंदाची ट्यूब घेऊन आली. "द्या इकडे, कायमची चिकटवून टाकते."

तिने उचललेली स्टिक मी तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे गं. आता खेळायचंय कुणाला?"

तिला ते पटलं. ट्यूब टेबलावर ठेवून ती घरी गेली.

 

रोज झोपायच्या आधी मी रेघ सरळ करून ठेवतो, म्हणजे बायकोला यावंच लागतं.