बाटलीवरचं नाव

ऋषी पहिल्यांदाच सुचिताच्या घरी आला होता, तिला मागणी घालायला. त्याने टीपॉयवर ठेवलेल्या बाटलीकडे तिचे वडील नामदेव बघतच राहिले.

“दारू आनलीस?”

“वाइन आहे, काका. नाशिकला मीच बनवतो. सिन्सो नावाच्या लाल द्राक्षाची.”

“कवा आयकला नाय.”

गप्प बस, असं सुचिता डोळ्यांनी सांगत होती. पण या द्राक्षाचा विषय निघाला की ऋषीला राहवत नसे.

“कोणीच ऐकलेलं नसतं. स्ट्रॉबेरीसारखा वास येतो, जिभेला टोचत नाही. तरी सगळे ते दुसऱ्या द्राक्षांत मिसळून टाकतात आणि बाटलीवर नाव त्या दुसऱ्यांचं लावतात. मी नुसतं तेच भरलंय, त्याच्याच नावाने.”

नामदेवांच्या कपाळावरची शीर ताठली. “आमचा गाव पन असाच नव्या शहराच्या सेक्टरात मिसलला. पाटीवर त्याचा नाव नाय.”

ते उठले. त्यांनी बाटली उघडली, ग्लास भरला, नाकाशी नेला. मग अंगणात जाऊन अर्धा ग्लास मातीवर ओतून दिला.

ऋषीचे कान तापले. “निघतो मी,” बॅग उचलत तो सुचिताला म्हणाला.

“बस खाली,” ती हळूच म्हणाली. “पहिला मान गावदेवीला दिला त्यांनी. मागचं स्थळ स्कॉच घेऊन आलं होतं. ती बाबा एकटेच प्यायले.”