कल्याणच्या तुराट्या

होळीच्या दिवशी कल्याण सकाळपासून काठी घेऊन खळ्यातल्या तुराट्यांच्या ढिगावर बसला होता. चार वाजता कारखान्याचा टेम्पो यायचा होता. तोवर ढीग सांभाळला की नवा मोबाईल आलाच. रंगसुद्धा त्याने पसंत करून ठेवला होता, निळा.

खर्ड्याच्या रस्त्याला शेतातल्या काडीकचऱ्यापासून कांडीकोळसा करणारा कारखाना निघाला आणि गावातल्या काडीकाडीला भाव आला. पूर्वी तुरी झोडून झाल्या की तुराट्या बांधावर पडून असायच्या, ज्याला लागतील तो न्यायचा. आता चुलीला जळण मिळेना. सकाळी बायकोने, पंकजाने, पुरण शिजवायला कवळाभर तुराट्या मागितल्या, तर या पठ्ठ्याने तिलाही वेड्या बाभळीकडे पिटाळलं.

धास्ती होती ती होळीची. होळीसाठी जळण चोरायचं ही गावाची जुनी रीत. एकदा होळीत पडलेलं लाकूड मालकालाही परत मागता येत नाही. कल्याणला हे पक्कं ठाऊक होतं. तरणा असताना त्याने दगडाबाईची खाट पळवली होती, तीही म्हातारी अंथरूण घालत असताना.

दुपारी भावकीतला अंगद चार दोस्त घेऊन आलाच.

"काका, लई येळ बसलाय. घरी जाऊन पडा की जरा. आमी बघतो ढिगाकडं."

मांजर म्हणे, मी दुधाकडे बघतो! कल्याणला घाम फुटला, पण घामासरशी युक्तीही सुचली.

"आरं, यंदाची होळी हीच हाय! म्याच दिली गावाला. दिवस मावळला की हितंच पेटवू. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

अंगदने हात जोडले. देवाची म्हटलेली वस्तू कोण चोरणार? पोरं निघून गेली. कल्याण स्वतःवरच खूश झाला. चारला टेम्पो भरला की मावळतीला कोण विचारतंय? विचारलंच, तर तुराट्या चोरीला गेल्या म्हणायचं. तो निवांत लिंबाखाली आडवा झाला.

जाग आली ती हलगीच्या आवाजाने. दिवस मावळतीला आला होता आणि अख्खं गाव खळ्यात जमलं होतं. ढिगाच्या मधोमध एरंड रोवलेला, भोवती रांगोळी. दगडाबाई हळदकुंकू वाहत होती. पंकजा नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"सकाळी मला येक काडी दिली न्हाई," ती बायकांना सांगत होती. "मला वाटलं, मानूस चिकट. त्यांनी देवासाठी राखून ठिवलं हुतं!"

लग्नापासून तिने नवऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आता कुठल्या तोंडाने खरं सांगायचं?

पंक्चर काढून टेम्पोही तेवढ्यात पोचला. ड्रायव्हर उतरला, चपला काढून ढिगाच्या पाया पडला आणि पोळी खाऊनच जातो म्हणत गावकऱ्यांत बसला.

दगडाबाईने कल्याणच्या हातात पेटता पलिता दिला. "तुझी होळी, तूच पेटव. जा, खाटंचं बी माफ केलं तुला."

तुराट्या कडकड पेटल्या. गावाने पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकली. कल्याणनेही ठोकली. सगळे दमून थांबले, तरी त्याची चालूच होती.

दगडाबाई कौतुकाने म्हणाली, "बोंब मारावी तर आमच्या कल्याणनं. कशी बेंबीच्या देठापासनं येतीया!"