दोनशेवरची वायर

"ही पण गेली," असं म्हणत बडेसाबांनी ॲम्प्लिफायरच्या जळक्या व्हॉल्व्हची जोडी शुभदाच्या पुढ्यात ठेवली. वर्षभरातली ही तिसरी. पूर्वी एकदा जोडी बसवली की वर्षानुवर्षं तिकडं बघायला लागायचं नाही. आता ही पोरगी नवा माल म्हणून काय गळ्यात मारत होती कोण जाणे! म्हणूनच आज त्यांनी तिला तिच्या शुक्रवार पेठेतल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातून थेट आपल्या कारखान्यात बोलावून घेतलं होतं. काय तपासायचं ते माझ्या डोळ्यांदेखत तपास, असं ठणकावूनच.

एवढं चिडायला कारणही तसंच होतं. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. टॉवेलचे माग दिवाळीपासून बंद. ते मोडीत काढायला मुलानं, आवेजनं, मागे लागून लागून त्यांचा होकार मिळवला होता. होकार देताना बडेसाबांनी एकच अट घातली. ॲम्प्लिफायर घरी येणार. माग जायचे तर जाऊ देत, निदान गाणं तरी राहू दे. आणि आज नेमका ॲम्प्लिफायरच मुका झाला होता.

गाणं म्हणजे साधंसुधं नव्हे. माग चालू असले की कानात बोंबललं तरी ऐकू यायचं नाही, पण या जुन्या लोखंडी पेटीतली कव्वाली सगळ्या खडखडाटाच्या डोक्यावर बसायची. कामगार चिडून दुसरीकडं गेले तरी गाण्याच्या ओढीनं परत यायचे. माग थांबल्यावरही बडेसाब रोज सकाळी कुलूप काढून एकटेच कव्वाली लावून बसत. आवेजला त्याचा भारी वैताग यायचा.

शुभदानं पेटी उलटी करून खालचा पत्रा काढला. मीटरच्या पिना आधी पेटीत लावल्या, मग भिंतीवरच्या सॉकेटात घातल्या. आकडा बघून तिनं त्या काढून पुन्हा एकदा घातल्या. आता कशी सापडली, असं बडेसाब मनातल्या मनात म्हणाले.

"चाचा, पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरची वायर दोनशे व्होल्टवर कुणी जोडली?"

मीच, असं ते तोऱ्यात म्हणाले. का जोडली तेही ऐकवलं. सकाळी गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले की बल्ब तांबडे व्हायचे, व्होल्टेज दोनशेवर यायचं आणि कव्वालाचा आवाज घशातच अडकायचा. मग त्यांनी स्वतःच्या हातानं वायर दोनशेच्या जागी आणली, म्हणजे दोनशेतही पेटीला पुरा जोर मिळावा. तेव्हापासून पेटी कधी दमली नाही.

"आता हितं दोनशे चाळीस येतंय," शुभदा म्हणाली. "व्हॉल्व्ह चांगलेच होते. पण गल्ली बंद पडलीय, चाचा. करंट ओढणारं कुणी राह्यलंच न्हाय. ते चढलेलं व्होल्टेज व्हॉल्व्ह जाळतंय."

बडेसाबांनी जळकी जोडी उचलून निरखून पाहिली. वर्षभर त्यांनी या पोरीला उगाच शिव्या मोजल्या होत्या. त्याची त्यांना लाज वाटली. पण त्याहून मोठा राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच त्यांना कळेना.

शुभदा समजावून सांगत होती. वायर दोनशे चाळीसवर न्यायची, चुटकीसरशी होईल. नाहीतर ती एक रेग्युलेटर करून देईल. मग लाइनीत काही का होईना, व्हॉल्व्हला एकसारखंच व्होल्टेज मिळेल. बाहेर माग चालू आहेत का बंद, याचा पेटीला पत्तासुद्धा लागणार नाही. आवेज म्हणाला, तसंच करून टाका ताई, घरी कुठं माग आहेत? शुभदानं नवी जोडी बसवली आणि सोल्डरिंगची कांडी हातात घेतली.

"पत्ता लागला पायजे," बडेसाब म्हणाले. "वायर दोनशेवरच राहील."

मग हीही जोडी जळेल, असं शुभदानं बजावलं. त्यांनी तिला पत्रा बसवायला लावला, पेटी सुलटी करून मोबाइलची वायर जोडली आणि कव्वाली लावली. मग सरळ भिंतीकडं जाऊन मागांचा मोठा खटका वर ओढला.

अर्धवट विणलेले टॉवेल मागांवर तसेच होते. पहिला माग कुरकुरत हलला, धोटा इकडून तिकडं गेला आणि खडखडाट सुरू झाला. बडेसाब दुसऱ्याकडं गेले, मग तिसऱ्याकडं. एकेका मागावर थाप मारत, सुटलेले धागे जोडत ते म्हातारपण विसरून पळत होते. आवेज हातवारे करून काहीतरी ओरडत होता. ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि आलं नाही याचा त्यांना मनापासून आनंद झाला. भंगारवाला चहाची बशी तशीच धरून दारात थिजला. कव्वाली मात्र सगळ्यांच्या वर स्वच्छ ऐकू येत होती.

सगळे माग चालू झाल्यावर शुभदा मीटर घेऊन त्यांच्या कानाशी आली.

"दोनशे तीस झालं. अजून लई जास्त हाय, चाचा."

एवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या कारखान्याचा मालक गुरुलिंग धावत आला. त्याचेही माग उन्हाळ्यापासून कुलपात होते. बनियनवरच तो दारात उभा राहिला आणि हातानंच विचारू लागला, हे काय चाललंय?

बडेसाबांनी त्याचा दंड धरला आणि त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "गुरुलिंग, व्होल्टेज खाली आणायचंय. जा, तुझे माग चालू कर."